रिकामी गाडी खोटं बोलते

ब्रेक ऑइलला एक वास असतो. इंजिन ऑइलसारखा जळका नाही, पेट्रोलसारखा नाकात चढणारा नाही. उग्र आणि किंचित गोडसर. बोटांत चोळलं की बुळबुळतं, पाणी टाकलं की लगेच धुऊन जातं. हा वास मी झोपेतही ओळखेन. चार वर्षांपूर्वी धडगावच्या घाटमाथ्यावर गुडघे टेकून मी तो बोटावर घेतला. खडीवरचा तो तळहाताएवढा ओला डाग माझ्याच कामाचा होता.

पण आधी मी कोण ते सांगतो. शहाद्यात म्हसावद रस्त्यावर माझं गॅरेज आहे. इंजिनाला मी हात लावत नाही. गाडीचं खालचं अंग माझं: पाटे म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या चळती, स्प्रिंगा, शॉकअप, टायर. आता पुतण्या काम करतो आणि मी खुर्ची टाकून त्याच्या कामाला नावं ठेवतो. दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातलं काहीतरी लिहा. लिहायचंच तर जे सांगायला जीभ जड होते तेच लिहावं, बाकीच्या फुशारक्या मी चहाच्या टपरीवर रोज मारतोच.

लोकांना वाटतं, स्प्रिंग आणि पाटे माणसाला हादरे बसू नयेत म्हणून असतात. ते दुय्यम. त्यांचं खरं काम चाक जमिनीला धरून ठेवणं. चाक जमीन सोडून उडालं की स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. पाटे फार कडक झाले की गाडी उड्या मारते, फार नरम झाले की बसते. एका पपईवाल्याची गोष्ट सांगतो. त्याच्या पिकअपमधली पपई सुरतेला पोचेपर्यंत डागाळायची. मी एक पाटा काढून गाडी नरम करून दिली, पपई सुखरूप पोचू लागली. तेवढ्यात गड्याच्या डोक्यात आलं की आता दीडपट माल भरायला हरकत नाही. महिन्याभरात तो परत आला, मडगार्ड टायरवर घासून चाळणी झालेलं, आणि वर मलाच म्हणतो, "मिस्त्री, तुम्हीच नरम करी दिन्ही ना!" गिऱ्हाईक कधी चुकत नसतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शास्त्र.

दुसरं शास्त्र मला माझ्या उस्तादांनी दिलं. दोंडाईच्याचे होते, बोलायचे हिंदीत. म्हणायचे, "खाली गाडी झूट बोलती है, बेटा. भरके पूछ." रिकामी गाडी खोटं बोलते, भरून विचार. धडगावच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये आत किती, मागे लटकलेले किती आणि टपावर किती, हे मोजण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. अशी जीप रिकामी असताना जॅकवर चढवून तपासली, तर सगळं कसं छान, ऐसपैस दिसतं. घाटात माणसं भरली की ती बसते, आणि वळणावर चाक पुरतं फिरलं की जे ऐसपैस होतं ते एकमेकांना भिडतं.

म्हणून आमच्याकडे जीप 'भरून पाहायची' पद्धत. काम झालं की टपरीवरच्या सगळ्यांना हाक मारायची. दहा-बारा जण आत कोंबायचे, एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि मी खाली आडवा होऊन टायर आणि त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूच्या मध्ये बोटं घालून बघायचं. चार बोटं गेली तर उत्तम. दोन गेली तर चालेल. एकच गेलं तर गाडी फाटकाबाहेर जायची नाही, मालक पुढाऱ्याचा मेहुणा असला तरी. चाळीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला.

ती गाडी लाल होती. दोन माणसांची, विलायती, कापडी छपराची, वयाने माझ्याहून मोठी. कळसाडीच्या आप्पांनी ती सुरतेकडून आणली होती. आप्पा घरचे बागायतदार, पण तरुणपणी अकरा वर्षं धडगावला सरकारी कचेरीत नोकरी केलेली. दर सोमवारी जीपला मागे लटकून घाट चढायचे. तेव्हा म्हणे त्यांनी मनाशी ठरवलं होतं, एक दिवस या घाटात स्वतःच्या गाडीने, बसून, ऐटीत यायचं. ऐट आणायला त्यांना साठी ओलांडावी लागली.

अडचण काकूंची, म्हणजे आप्पांच्या पत्नीची, होती. काकूंच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी गावात एक फेरी मारली, उतरल्या आणि सांगून टाकलं, "हाई गाडी नही शे, उखळ शे. माले नही बठनं यामा." खरंच होतं ते. मागचे पाटे गंजून एकजीव झालेले, शॉकअप नावालाच, टायर जुन्या पद्धतीचे नायलॉनचे, लाकडासारखे कडक. नोकरीच्या काळात काही वर्षं काकूही धडगावला राहिलेल्या, तिथे त्यांची जुनी शेजारीण होती. पहिल्या बाळंतपणात तिनेच त्यांना सांभाळलेलं. ती आता अंथरुणाला खिळली होती आणि काकूंना तिला एकदा भेटायचं होतं. जीपमध्ये बसणं पाठीला शक्य नव्हतं. आप्पा गाडी माझ्या दारात घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिन्ही पाठ दुखाले नको. बाकी तुम्हले जे करनं ते करा."

मला त्या गाडीचा मोह पडला, हे कबूल करतो. आयुष्यभर चिखल चिकटलेल्या जीपच्या पोटाखाली काढलं होतं. ही बाई वेगळीच होती. दीड महिना मी तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. मागचे पाटे सोडवून घासले, दोन बदलले. चारही शॉकअप नवे बसवले. पुढच्या स्प्रिंगा थोड्या नरम घेतल्या, काकूंच्या पाठीसाठी. टायर जुन्या मापाचे मिळेनात म्हणून रेडियल घातले, जवळजवळ इंचभर जास्त रुंद. त्याने पकड वाढली आणि गाडी दिसायलाही रुबाबदार झाली. रुबाबाचा वाटा किती आणि पकडीचा किती, हे आता विचारू नका.

काम संपलं तेव्हा जॅकवर चाकं लोंबकळत असताना मी स्टिअरिंग फिरवून बोटं घालून पाहिली. चाकाजवळून ब्रेकचा रबरी पाइप जातो. ब्रेक दाबला की त्यातूनच ऑइल चाकापर्यंत पोचतं. टायर आणि त्या पाइपमध्ये चार बोटं मोकळी जागा होती. नंतर म्हसावद रस्त्यावर एकटाच चालवून आलो. तापीकाठचे आमचे रस्ते दोरी लावल्यासारखे सरळ, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवायची वेळच येत नाही. आणि माझं वजन ते काय! गाडी कशी लोण्यावरून जावी तशी आली.

टपरीवरची मंडळी नेहमीसारखी उठून आली. एकाने हात झटकत विचारलं, "मिस्त्री, आम्हले बठाडस नही का आज?" आत सायीच्या रंगाच्या चामड्याच्या सीट होत्या. आप्पांनी बजावलेलं होतं की सीटवर कुणाला बसवू नका. त्यांनी बजावलं नसतं तरी मी या मंडळींना बसू दिलं नसतं. मी हसून म्हणालो, "आधी स्वतःचे पायजमे बघा, मग या गाडीकडे बघा." सगळे हसले. दोनच तर माणसांची गाडी, तिला काय भरून पाहायचं, असं मी मनाला सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी गाडीच रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आप्पा आणि काकू माझ्या दारावरून धडगावला निघाले. मागे काकूंनी गव्हाचं एक पोतं, पापडांचा डबा आणि शेजारणीसाठी गोधडी ठेवलेली. आप्पांनी हॉर्न दिला, मी सलाम ठोकला. गाडी मागून किती बसली आहे ते मला दिसलं, पण मी बघितलं नाही.

तासाभराने रुमसिंग जीप घेऊन आला. रुमसिंग हा डोंगरातला पावरा गडी, वीस वर्षं धडगावच्या फेऱ्या मारतो आणि वीस वर्षं माझ्याकडे येतो. आदल्या दिवशी त्याच्या ब्रेकचे लायनर बदलले होते, चाकं पुन्हा एकदा आवळायची होती. जीपमध्ये धडगावचे पॅसेंजर आधीच भरलेले. मी म्हटलं, बसलेच आहेत तर भरूनही पाहून घेऊ. खाली आडवा झालो. रुमसिंगने स्टिअरिंग फिरवलं. टायर वळून ब्रेकच्या पाइपकडे आला आणि मी बोटं घातली. दोनच गेली.

जीप उंच असते. तिच्या पाइपला भरपूर जागा. तीसुद्धा भरल्यावर चार बोटांवरून दोनवर येते. मग बुटकी, नरम स्प्रिंगांची, इंचभर रुंद टायर घातलेली ती लाल गाडी, दोन माणसं आणि पोतंभर गहू घेऊन, घाटातल्या वळणावर चाक पुरतं फिरवेल तेव्हा किती बोटं राहतील?

मी खालून बाहेर आलो तेव्हा माझं तोंड बघून रुमसिंगने विचारलं, "काय व्हयनं, दादा?"

"मन्हं चुकनं, रुमसिंग. ती लाल गाडी मी भरीसन दखी नही. टायर ब्रेकना पाइप खाई टाकी."

त्याला जास्त सांगावं लागलं नाही. ज्यांना गाड्यांमधलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आताच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तर दुसरी गाडी थांबवते. त्या जुन्या गाडीत एकच. चारपैकी कुठल्याही चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. चढणीवर फार भीती नव्हती. चढताना ब्रेक लागतोच कुठे, पाय काढला की गाडी आपोआप थांबते. पण चढताना प्रत्येक वळणावर टायर तो पाइप थोडा थोडा कुरतडणार, आणि माथ्यावरून पलीकडे उतार लागला की आप्पा पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबणार. त्यांना माथ्याच्या अलीकडे गाठायलाच हवं होतं.

आप्पांना फोन लावला. वाजला, उचलला नाही. गाडी चालवताना ते फोन काकूंच्या पिशवीत ठेवत. पुन्हा लावला तेव्हा रेंजच्या बाहेर. म्हणजे म्हसावद सोडून डोंगरात शिरले होते.

"बठ," रुमसिंग म्हणाला.

"आनि पॅसेंजर?"

"पॅसेंजर धडगावच जाई ऱ्हायनात ना."

त्याने मागे वळून पावरी बोलीत दोन वाक्यं सांगितली. एका म्हाताऱ्याने मांडीवरची कोंबडी घट्ट धरली. जीप निघाली.

म्हसावदपर्यंत मी एकच हिशोब करत होतो, आप्पा सावकाश चालवतात, आप्पा चहाला थांबतात, जुनी गाडी चढावर तापते, तिला थंड करायला थांबावं लागतं. हे सगळं खरं असू दे, असं मी देवाला सांगत होतो. एरवी मी देवाला कामापुरताही त्रास देत नाही. घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर मी दारातून बाहेर वाकून खाली रस्ता बघायचो. पहिल्या वळणावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही. चौथ्या की पाचव्या वळणावर रस्त्यावर काळ्या रबराची बारीक भुकटी दिसली असं मला वाटलं. भीतीपोटी माणसाला काहीही दिसतं. रुमसिंगची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माथ्यावर सगळे थांबतात तिथे आम्ही पोचलो. लाल गाडी नव्हती. टपरीवाला म्हणाला, आत्ताच गेले, बाईंनी फोटो काढले. गाडी जिथे उभी होती तिथे पुढच्या डाव्या चाकाच्या जागी खडीवर तो ओला डाग होता. मी गुडघे टेकले, बोट लावलं, नाकाशी नेलं. पुढचं मला रुमसिंगला सांगावं लागलं नाही, त्याने इंजिन बंदच केलं नव्हतं.

दोन वळणं उतरलो आणि खाली लाल ठिपका दिसला. आप्पा जुन्या वळणाचे, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं या शिस्तीचे. त्या शिस्तीनेच गाडी अजून हाताबाहेर गेली नव्हती. रुमसिंगने हॉर्न दाबून धरला. आणि तिथे मी दुसरी चूक पाहिली, आम्हा दोघांची. घाटात मागून हॉर्न वाजला की त्याचा अर्थ एकच, बाजू द्या. आप्पा सभ्य माणूस. त्यांनी खिडकीतून हात काढून 'या, या' केलं, गाडी डाव्या कडेला घेतली आणि आम्हाला जाऊ द्यायला ब्रेक दाबला.

मागचे लाल दिवे लागले. गाडी हळू झाली नाही. दिवे विझले, पुन्हा लागले, पुन्हा लागले. आप्पा पेडल मारत होते आणि पेडल जमिनीला टेकत होतं. डाव्या हाताला कठड्याचे दगड आणि त्यांच्या पलीकडे दरी. काकूंचं डोकं एकदम आप्पांकडे वळलेलं मला मागच्या काचेतून दिसलं. ब्रेकबरोबर क्लचही दाबला गेला असावा, गाडीचा वेग वाढायला लागला. आप्पांनी हँडब्रेक ओढला असणार, कारण मागची चाकं कुरकुरली, पण त्या उतारावर तो पुरणारा नव्हता.

"धरा!" रुमसिंग ओरडला आणि जीप उजवीकडून पुढे घातली. दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा नव्हती. पुढे जाऊन त्याने जीप बरोबर लाल गाडीच्या नाकासमोर आणली आणि वेग तिच्याएवढा केला. जीपच्या मागच्या दाराला जादा चाक लटकवलेलं असतं. मागचे पॅसेंजर हात हलवून आप्पांना ओरडत होते, या, या, टेका! आप्पांना कळलं असावं. लाल गाडीचं नाक येऊन त्या चाकाला धप्पकन टेकलं. मग रुमसिंगने ब्रेक दाबला, एकदम नाही, थोडा थोडा. रिकामी जीप असती तर मागून रेटा बसल्यावर तिच्या चाकांची पकड सुटली असती. ती भरलेली होती. बारा माणसं, एक कोंबडी आणि मी. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून घसरत गेल्या, आणि पुढचं वळण दहा-बारा पावलांवर असताना थांबल्या.

रुमसिंगने उतरून लाल गाडीच्या चाकांना दगड लावले. आप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. पॅसेंजरमधल्या दोन बायकांनी काकूंना धरून खाली उतरवलं, दगडावर बसवलं, पाणी दिलं. काकूंनी दोन घोट घेऊन पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मन्ही पाठ दुखनी नही पन, मिस्त्री. काहीच दुखनी नही." त्यांना माझं कौतुकच करायचं होतं. मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं.

आप्पा उतरले, वाकून चाकाकडे बघितलं. फुटलेला पाइप लोंबत होता. ते म्हणाले, "एखादा दगड उडना व्हई. घाटना रस्ता, दुसरं काय!"

आणि मी गप्प राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण राहिलो. दगड उडाला. किती सोपं होतं! आप्पांचा विश्वास राहिला असता, माझं नाव राहिलं असतं, उलट मी धावून आलो म्हणून जिल्हाभर माझा सत्कार झाला असता. रुमसिंग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, तू सांगस का मी सांगू?"

मी सांगितलं. दगड नाही, माझी चूक. प्रत्येक जीप मी भरून पाहतो, तुमची पाहिली नाही. सीटला डाग पडेल म्हणून. उस्तादांचं वाक्यही सांगितलं, ते त्या वेळी का सांगितलं कोण जाणे. काकू मध्येच आप्पांना म्हणाल्या, "तुम्हीच सांगं व्हतं ना, कोनले बठाडू नका म्हनीसन." मी म्हटलं, नाही काकू, मिस्त्री मी आहे. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग दरीकडे बघितलं. रुमसिंगने त्या दोघांना पुढच्या सीटवर बसवून धडगावला नेलं. गव्हाचं पोतंही नेलं. मी लाल गाडीजवळ दगडावर बसून राहिलो.

गाडी ट्रकवर घालून गॅरेजमध्ये आणली. रुंद टायर काढले, वणवण करून जवळच्या मापाचे अरुंद आणले. पाइपाचा रस्ता बदलला, चाक टोकाला जाण्याआधी अडेल असा बोल्ट लावला. नाकावरचा पोचा काढला. दोन महिने गाडी झाकून ठेवली होती. आप्पांचा फोन आला नाही, आणि करायची माझी छाती नव्हती. टपरीवर मी कुणाला काही सांगितलं नाही, पण रुमसिंगच्या पॅसेंजरांनी सगळ्या सातपुड्याला सांगितलं होतं. गिऱ्हाईक कमी झालं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. फक्त प्रत्येक जण काम झालं की स्वतःहून म्हणायचा, "मिस्त्री, भरी दखा हं." ते मला बरोबर जिव्हारी लागायचं.

मग एका सकाळी आप्पा आणि काकू रिक्षातून उतरले. काकूंच्या हातात जुनी चादर होती. त्यांनी गाडीवरचं झाकण स्वतः काढलं, सीटवर चादर पसरली, मागे गव्हाच्या पोत्याएवढ्या वजनाच्या विटा ठेवायला लावल्या, आणि आप्पांना म्हणाल्या, "बठा." स्वतः शेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही खाले जा."

मी खाली आडवा झालो. आप्पांनी स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवलं. मग उजवीकडे. मी बोटं घातली. खात्रीसाठी पुन्हा घातली.

वरून काकूंचा आवाज आला, "काय सांगस गाडी? खरं बोलनी का आते?"

"तीन बोटं, काकू," मी म्हणालो. आणि तरीही म्हटलं, "आप्पा, अजून एकदा फिरवा."